विक्शनरीचे तक्ते आणि आंकीची कार्डं: परकीय क्रियापदांसाठी एक जोडी

जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, जपानी, यातली कुठलीही भाषा सुरू केली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गाडी क्रियापदांवर येऊन अडकते. शब्द लक्षात राहतात, रूपं राहत नाहीत. त्यासाठी बाजारात बरंच काही आहे, पण पैसे खर्च करण्याआधी दोन गोष्टी वापरून पाहाव्यात: रूप शोधायला इंग्रजी विक्शनरी हा ऑनलाइन शब्दकोश आणि ते डोक्यात बसवायला आंकी हे प्रश्नोत्तराच्या कार्डांवरून उजळणी करून घेणारं अ‍ॅप. विक्शनरी फुकट आहे. आंकी संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर मात्र विकत घ्यावं लागतं. दोन्ही चांगली आहेत आणि दोन्ही चुकीच्या पद्धतीने वापरली तर महिनाभरात कंटाळा आणतात.

विक्शनरी विकिपीडियाच्याच कुटुंबातली, 2002 पासून चालू असलेली. मराठी विक्शनरीही आहे, पण परकीय क्रियापदांच्या भरगच्च तक्त्यांची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नका. त्यासाठी इंग्रजी आवृत्तीच उघडावी लागते. पान शब्दावार असतं, भाषेवार नाही. एकच अक्षरजुळणी पाच भाषांत असेल तर पाचही भाषा एकाखाली एक येतात, त्यातही इंग्रजी आधी आणि बाकीच्या वर्णानुक्रमाने. त्यामुळे स्पॅनिश शब्द पाहायला गेलेला माणूस पोर्तुगीज तक्ता वहीत उतरवून मोकळा होतो, आणि दोन्ही भाषा सारख्या दिसत असल्याने ते कळतही नाही. उतरवण्याआधी वरचं भाषेचं शीर्षक वाचायची सवय लावून घ्या.

नवख्याची पहिली अडचण म्हणजे शोधायचं कोणतं रूप. आपल्याकडे शब्दकोशात ‘करणे’, ‘जाणे’ असतं. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिशही तशाच मूळ रूपाखाली सापडतात. लॅटिन ‘मी’च्या वर्तमानकाळी रूपाखाली असते. अरबी ‘त्याने लिहिलं’ या भूतकाळी रूपाखाली, म्हणजे ‘कतब’. संस्कृतची गंमत वेगळीच. शाळेत गम् धातू शिकलेला विद्यार्थी ‘गम्’ टाकतो आणि धातूच्या पानावर पोचतो. लट् लकाराचा, म्हणजे वर्तमानकाळाचा तक्ता असतो ‘गच्छति’च्या पानावर. तिथे ‘प्रथम वर्ग, परस्मैपद, धातू गम्’ ही माहितीही मिळते. क्रम मात्र शाळेतलाच आहे: आधी गच्छति, मग गच्छसि, मग गच्छामि. रोमन रूपांवर दिसणारी तिरपी रेघ वैदिक स्वराची आहे, परीक्षेसाठी तिच्याकडे दुर्लक्ष करा.

मूळ रूप माहीतच नसेल तरी काम अडत नाही, आणि छापील कोशापेक्षा विक्शनरी इथे खरोखर सरस ठरते. वाक्यात दिसलेलं रूप जसंच्या तसं टाका. जर्मन ‘श्प्रिश्ट’ टाकलं की हे ‘श्प्रेशन’चं कुठल्या पुरुषाचं, कुठल्या वचनाचं रूप ते सांगून मूळ पानाचा दुवा दिला जातो. स्पॅनिश ‘फुई’ टाकलं की ते ‘असणे’ आणि ‘जाणे’ या दोन्ही क्रियापदांचं भूतकाळी रूप असल्याचं समजतं.

आता तक्ता. तो बहुतेकदा मिटलेला असतो, बाजूच्या बटणाने उघडावा लागतो. पण उघडण्याआधी शब्दालगत कंसात असलेली एक ओळ वाचा, कारण खरा माल तिच्यात आहे. जर्मन ‘फारन’ म्हणजे वाहनाने जाणे. त्याच्या ओळीत वर्तमानाचं ‘फेअर्ट’, साध्या भूतकाळाचं ‘फूर’, कृदंत ‘गेफारन’ आणि साहाय्यक क्रियापद एवढं एका दमात मिळतं. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जर्मनचा बोलण्यातला भूतकाळ ‘हाबन’ किंवा ‘झाइन’ लावून होतो आणि कुठल्या क्रियापदाला कोणतं लागतं ते अंदाजाने ठरवलं की चुकतं. ‘गेफारन’ एकटं पाठ करणाऱ्यापेक्षा ‘इस्ट गेफारन’ असं जोडीने पाठ करणारा सुखी (‘इस्ट’ हे ‘झाइन’चंच रूप).

जर्मनच्या तुटणाऱ्या क्रियापदांसाठीही तक्ता उपयोगी आहे. ‘आनफांगन’, म्हणजे सुरू होणे, मुख्य वाक्यात तुटतं आणि ‘आन’ शेवटी जातं. गौण वाक्यात तुटत नाही आणि सगळं क्रियापद शेवटी बसतं. तक्त्यात दोन्ही वेगवेगळं दिलेलं असतं. गौण वाक्यात क्रियापद शेवटी, हे मराठी माणसाला सांगावंही लागत नाही. त्याला शिकवावं लागतं ते मुख्य वाक्यात दुसऱ्या जागेवर आणणं.

फ्रेंच तक्त्याची एकच गोष्ट सांगण्यासारखी: प्रत्येक रूपाखाली उच्चार दिलेला असतो. ‘बोलणे’ या क्रियापदाची ‘मी’, ‘तू’, ‘तो’ आणि ‘ते’ यांची वर्तमानकाळी रूपं तीन तऱ्हांनी लिहिली जातात, पण चारही ‘पार्ल’ अशीच ऐकू येतात. बोलण्यापुरतं शिकणाऱ्याचं ओझं तिथेच निम्मं होतं. त्याच तक्त्यातला ‘पासे सँप्ल’ हा काळ मात्र पहिली दोन वर्षं सोडून द्या, तो बोलण्यातून गेलेला आहे.

आणि हीच या तक्त्यांची मोठी अडचण. ते भाषेच्या अभ्यासकाने अभ्यासकासाठी बनवले आहेत. रूपं बहुतेक ठिकाणी नियमावरून यंत्राने तयार होतात, म्हणून टंकनदोष कमी. पण नियमाने काय होऊ शकतं एवढंच तक्ता सांगतो, लोक काय वापरतात ते नाही. स्पॅनिशचा साधा तक्ता मोजून पाहा: प्रत्ययांनी होणारे नऊ काळ-अर्थ, प्रत्येकी सहा रूपं, म्हणजे 54, आणि आज्ञार्थ वेगळा. यातला भविष्यकालीन संशयार्थ (इंग्रजीत सब्जंक्टिव्ह) आज जवळपास कायद्याच्या भाषेतच उरला आहे. ‘वोसोत्रोस’ची, म्हणजे अनेकवचनी ‘तुम्ही’ची रूपं स्पेनबाहेर फारशी ऐकूही येणार नाहीत. उलट ‘तू’च्या रकान्यात अर्जेंटिनातलं ‘वोस’चं रूपही शेजारी छापलेलं असतं, ते चूक समजून खोडू नका. ‘उस्तेद’, म्हणजे आदरार्थी तुम्ही, ‘तो-ती’च्या रकान्यात आहे. दुसऱ्या पुरुषात शोधत बसलात तर सापडणार नाही.

मग बसतं लोकांचं गणित: वीस क्रियापदं गुणिले 54, हजारावर कार्डं, आंकीच्या मूळ सेटिंगप्रमाणे रोज 20 नवी. जवळजवळ दोन महिने नुसतं पाठांतर, आणि उजळणीचा ढीग रोज वाढता. त्यात सगळी कार्डं एकसारखी दिसतात, त्यामुळे मेंदू एकाचं उत्तर दुसऱ्याला देतो. तक्ता अख्खा कार्डांवर उतरवू नये, एवढं ऐकलं तरी निम्मे लोक टिकतील.

स्पॅनिशच्या एका अनियमित क्रियापदामागे पाच कार्डं पुरतात. ‘तेनेर’ घ्या, म्हणजे जवळ असणे. ‘मी’चं वर्तमान ‘तेन्गो’, ‘तो’चं ‘तिएने’, ‘ते’चा भूतकाळ ‘तुविएरोन’, ‘मी’चा भविष्यकाळ ‘तेन्द्रे’, कृदंत ‘तेनिदो’. बाकीचं यांतून निघतं. ‘तुविएरोन’चं ‘रोन’ हे शेपूट काढून ‘रा’ लावलं की भूतकाळी संशयार्थ ‘तुविएरा’ तयार, आणि या नियमाला अपवाद नाही. ‘तेन्द्रे’च्या अंगावर संकेतार्थही (कंडिशनल) होतो. ‘तेन्गो’वरून वर्तमान संशयार्थ ‘तेन्गा’. इथे सहा क्रियापदं नियम मोडतात: सेर, इर, साबेर, आबेर, दार, एस्तार. ती वेगळी पाठ करायची. आणखी एक खाच आहे. स्वर बदलणाऱ्या क्रियापदांत ‘आम्ही’चं रूप या नियमाने काढू नका. ‘पोदेर’ (शकणे) याचं ‘पुएदो’, त्यावरून ‘पुएदा’, पण आम्ही ‘पोदामोस’. सुरुवातीच्या चुका बहुतेक इथेच होतात. ‘तू’ला द्यायच्या आज्ञेची आठ आखूड रूपं आहेत (दी, आस, वे, पोन, साल, से, तेन, वेन), त्यांचं एकच कार्ड करून टाका.

स्पॅनिशच्या दोन भूतकाळांत इंग्रजीच्या आधारे शिकणारे चाचपडतात, मराठीतून गेलं तर बराच मार्ग मोकळा होतो. ‘लहानपणी आंबे खायचो’ किंवा ‘खात होतो’ म्हणजे ‘कोमीया’. ‘काल आंबा खाल्ला’ म्हणजे ‘कोमी’. म्हणून कार्डाच्या पुढच्या बाजूला इंग्रजी नको, मराठी वाक्य हवं, आणि त्यात ‘काल’, ‘रोज’, ‘लहानपणी’ असा काळ पक्का करणारा शब्द हवा. नुसतं ‘खाणे, भूतकाळ, मी’ असं लिहिलेलं कार्ड तक्ता पाठ करून घेतं, बोलायला शिकवत नाही.

जपानीसाठी मात्र विक्शनरीला दुसरा नंबर. तिचा तक्ता ‘मिझेनकेई’, ‘रेनयोकेई’ अशा सहा पारंपरिक अंगांनी सुरू होतो, आणि क्लासमधून आलेला विद्यार्थी तिथेच गांगरतो. त्याला हवं असलेलं ‘ते’-रूप खालच्या भागात ‘कन्जंक्टिव्ह’ नावाने आहे, ‘मास’-रूप ‘फॉर्मल’ नावाने आणि ‘ता’-रूप ‘परफेक्टिव्ह’ नावाने. शिवाय काना या उच्चारानुसारी लिपीत शोधलं तर बहुतेकदा कांजीच्या, म्हणजे चिनी चिन्हांतल्या पानाकडे बोट दाखवलं जातं. त्यापेक्षा जिशो हा जपानी कोश उघडा, क्रियापदाखालच्या ‘शो इन्फ्लेक्शन्स’वर टिचकी मारा; होकारार्थी आणि नकारार्थी रूपं समोरासमोर मिळतात.

जपानीत पाठ करायचं फार थोडं आहे. कोशातलं रूप, क्रियापदाचा गट आणि ‘ते’-रूप (साधारण आपलं ‘-ऊन’). पहिल्या गटात शेवटचं अक्षर उ, त्सु, रु असेल तर ‘त्ते’. मु, बु, नु असेल तर ‘न्दे’. कु असेल तर ‘इते’. गु असेल तर ‘इदे’. सु असेल तर ‘शिते’. ‘इकु’चं मात्र ‘इत्ते’. दुसऱ्या गटात ‘रु’ काढून ‘ते’ लावा. खऱ्या अर्थाने अनियमित दोनच, ‘सुरु’ (करणे) आणि ‘कुरु’ (येणे). घोटाळा होतो तो ‘रु’ने संपणाऱ्या पहिल्या गटातल्या शब्दांत. ‘कएरु’ म्हणजे परत जाणे, त्याचं ‘कएत्ते’. ‘कएरु’ म्हणजे बदलणे, त्याचं ‘कएते’. ‘किरु’ कापणे, ‘कित्ते’. ‘किरु’ अंगात घालणे, ‘किते’. अशा जोड्यांना गटाचा आकडा कार्डावर लिहिल्याशिवाय इलाज नाही. वापर मात्र आपल्याला सोपा जातो. ‘ताबेते मिरु’ म्हणजे शब्दाला शब्द ‘खाऊन पाहणे’, आणि ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे बऱ्याचदा आपलं ‘खाऊन टाकणे’. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-5 पातळी द्यायची असेल तर तिथे बोलायला किंवा लिहायला लावत नाहीत, पर्याय निवडायचे असतात. त्यामुळे रूप ओळखण्याची कार्डं जास्त आणि बनवण्याची कमी ठेवली तरी भागतं. जर्मनसाठीच्या गोएथे संस्थेच्या ए-1 परीक्षेला बोलावं लागतं, तिथे उलटं करा.

आता आंकीच्या सेटिंगबद्दल. कार्डाचा प्रकार निवडताना साधा ‘बेसिक’ घेऊ नका, उत्तर टाइप करायला लावणारा घ्या. स्पॅनिश ‘आब्लो’मध्ये शेवटच्या स्वरावर चिन्ह नसेल तर ‘मी बोलतो’, असेल तर ‘तो बोलला’. मनातल्या मनात उत्तर देणारा हा फरक कधीच पकडत नाही. टाइप केलं की आंकी अक्षराला अक्षर लावून चूक रंगवून दाखवतं. त्यासाठी फोनवर त्या भाषेचा कळफलक आधी चालू करावा लागेल. या लेखात वाचायच्या सोयीसाठी सगळं नागरीत आहे. कार्डावर मूळ लिपीच हवी, नाहीतर जर्मनचे टिंबवाले स्वर आणि जपानीचा लांब ‘ओ’ हातचे जातात.

नवी कार्डं रोज 20 वरून 6 ते 8 वर आणा. ‘हार्ड’ हे बटण उत्तर आठवलं पण कष्टाने, यासाठी आहे. चुकलेल्या कार्डावर ‘हार्ड’ दाबणं ही सर्रास होणारी चूक, त्याने पुढचं सगळं वेळापत्रक बिघडतं. चुकलं की ‘अगेन’. नवीन आवृत्तीत एफएसआरएस नावाची वेळापत्रकाची पद्धत आहे, ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करा. दुसऱ्याने बनवलेले तयार गठ्ठे उतरवण्याचा मोह होतो, पण क्रियापदांच्या बाबतीत ते बहुधा अख्ख्या तक्त्याचेच असतात.

शिकून झालेलं एखादं कार्ड आठ वेळा विसरलं की आंकी त्याच्यावर ‘लीच’ अशी खूण करतं, आणि सेटिंग तसं असेल तर ते बाजूलाही काढतं. ते तसंच परत आत ढकलू नका. बहुतेकदा त्याचा कुठेतरी जुळा भाऊ असतो, ‘कएरु’सारखा. दोन्ही कार्डं शोधून काढा, प्रत्येकाला वेगळं, नेमकं मराठी वाक्य द्या, आणि त्यातलं एक आठवडाभर थांबवून ठेवा.