अकरा महिने झाले: डोमेन एका ठिकाणी, मेल दुसऱ्या ठिकाणी

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आमच्याकडे टर्निंग, ड्रिलिंग आणि व्हीएमसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं) काम होतं, माल पुण्याला जातो. मशीनकडे हे आणि भाऊजी बघतात, ऑफिस माझ्याकडे. कोटेशन, ड्रॉइंग, पीओ (खरेदीची ऑर्डर), शेड्यूल, डेबिट नोट, सगळं मेलवर चालतं. मेल बंद पडला की काय होतं, ते गेल्या वर्षी सहा दिवस भोगलंय, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या एका परचेसवाल्यांचा फोन आला. "वहिनी, शेड्यूल पाठवतोय पण मेल परत येतोय. पत्ता बदलला काय?" पत्ता तोच होता. आमची वेबसाइट उघडून बघितली तर आमच्या नावाखाली भलत्याच जाहिरातींचं पान. डोमेनची, म्हणजे ज्यावर वेबसाइट आणि मेल चालतो त्या इंटरनेटवरच्या आमच्या नावाची, मुदत तीन दिवसांपूर्वी संपली होती आणि आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. नऊ वर्षांपूर्वी ज्या मुलानं वेबसाइट करून दिली, त्यानंच त्याच्या खात्यातून डोमेन घेतलं होतं. दर वर्षी तो बिल पाठवायचा, आम्ही पैसे द्यायचो. पुढे त्याला बेंगळुरूला नोकरी लागली आणि मुदतीची सगळी सूचनापत्रं त्याच्या जुन्या आयडीवर जात राहिली. त्याचा फोन लागायला दोन दिवस गेले. पोरगं सरळ आहे. रात्री अकरा वाजता ओटीपी सांगायला जागं राहिलं, म्हणून नाव हाती लागलं.

त्या रात्री मला एक गोष्ट नीट कळली. डोमेनचाही सातबारा असतो. मालक म्हणून नाव कुणाचं, खातं कुणाचं आणि त्या खात्याला जोडलेला मोबाइल कुणाचा, या तिन्ही जागी आपण नसू तर पैसे भरूनही जमीन दुसऱ्याचीच. आमच्या नोंदीत तिन्ही जागी तो मुलगा होता.

मुदत संपल्यावर डॉट कॉमचं काय होतं, तेही तेव्हाच समजलं. पहिले काही आठवडे नेहमीच्या दरात नूतनीकरण करता येतं. ही सवलत रजिस्ट्रारप्रमाणे (म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीप्रमाणे) कमी-जास्त असते, जास्तीत जास्त ४५ दिवस. त्यानंतर ३० दिवसांचा काळ असा असतो की नाव परत मिळतं, पण दंडासह, आणि तो दंड चांगलाच बोचतो. शेवटचे पाच दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि मग नाव मोकळं. ज्याच्या हाती आधी लागेल त्याचं. आम्ही सहाव्या दिवशी पोचलो, म्हणून साध्या दरात सुटलो.

यानंतर घाईत एक चूक केली, ती इथे मुद्दाम सांगते. डोमेन ज्या रजिस्ट्रारकडे होतं, त्याच्याच सपोर्टला सांगून आधी मालकाचं नाव बदलून घेतलं आणि मग डोमेन दुसरीकडे हलवायला निघाले. तर साठ दिवसांचं कुलूप! डॉट कॉमसारख्या नावांना हा नियमच आहे: नवीन नोंदणी किंवा ट्रान्सफर झाल्यावर साठ दिवस नाव हलत नाही आणि मालकाचा तपशील बदलला तरी कुलूप लागू शकतं. काही रजिस्ट्रार बदल करतानाच हे कुलूप नको म्हणण्याची सोय देतात. आमच्यापुढे ती खूण आली होती की नाही, आता आठवत नाही. आधी विचारून घ्या.

ते दोन महिने मात्र वाया गेले नाहीत. नीट चौकशी करायला वेळ मिळाला.

पहिल्या वर्षाला १९९ रुपये, अशा जाहिराती सगळीकडे दिसतात. डॉट कॉमची मूळ नोंदवही व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते आणि रजिस्ट्रारला तिला वर्षाला १०.२६ डॉलर द्यावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासूनचा हा दर. म्हणजे १९९ मध्ये विकणारा पहिल्या वर्षी पदरमोड करतोय आणि पुढच्या वर्षांत वसूल करणार. म्हणून मी फक्त नूतनीकरणाचा दर विचारत गेले. तो बऱ्याच ठिकाणी पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतो.

दुसरा प्रश्न पैसे भरण्याचा. परदेशी रजिस्ट्रार स्वस्त पडतात, पण रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ च्या नियमांनंतर कार्डावरचे आपोआप कटणारे पैसे बऱ्याचदा अडतात. कार्डावर ई-मँडेट (आपोआप पैसे कापायची आपण दिलेली परवानगी) झालेलं नसेल तर ऑटो-रिन्यू चालू दिसतं आणि पैसे मात्र जात नाहीत. शिवाय मला बिलावर आमचा जीएसटी नंबर हवा होता, म्हणजे १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं. रक्कम लहान असली तरी आमचे सीए दर तिमाहीला असल्या बिलांवरून विचारतात आणि उत्तर मलाच द्यावं लागतं.

शेवटी तीन भारतीय कंपन्यांना फोन लावला आणि तिघांनाही एकच विचारलं: "उद्या मला तुमच्याकडून डोमेन बाहेर न्यायचं झालं, तर ट्रान्सफर कोड कुठे मिळतो?" एकानं विषय बदलून वेबसाइटचं पॅकेज सांगायला सुरुवात केली. दुसरा म्हणाला, मेल करा, आम्ही बघू. तिसरीकडे एका मुलीनं सांगितलं, "मॅडम, लॉगिन करून डोमेनवर जा, आधी लॉक काढा, खाली कोड दिसेल." डोमेन तिच्या कंपनीत आणलं. नाव देत नाही, कारण दर आणि माणसं बदलतात. हा प्रश्न विचारलात तर तुमच्यासाठी योग्य कंपनी तुम्हालाच ओळखता येईल. ट्रान्सफर पाच दिवसांत झाली, मुदतीत एक वर्ष वाढून मिळालं आणि सध्या नूतनीकरण जीएसटी धरून साधारण तेराशे रुपयांना पडतं. अकरा महिन्यांत दोनदा फोन करावा लागला आणि दोन्ही वेळा माणूस बोलला.

सोबत डॉट इनही घेतलं, म्हणजे आमच्या नावानं दुसरं कुणी बसू नये. त्याची नोंदणी निक्सी या भारतीय संस्थेकडे असते, केवायसीची कागदपत्रं मागितली, काम दोन दिवसांत झालं. आणि मनापासून हवं होतं म्हणून डॉट भारतमध्ये देवनागरी नावही घेतलं. मराठीसाठी ही सोय ऑगस्ट २०१४ पासून आहे आणि आपल्या लिपीत नाव टाइप केल्यावर आपलंच पान उघडतं, याचा आनंद मोठा आहे. ते वेबसाइटला जोडलंय. मेलसाठी मात्र वापरता आलं नाही. मोठ्या कंपन्यांच्या व्हेंडर नोंदणीच्या फॉर्मवर देवनागरी पत्ता टाकला की 'चुकीचा ई-मेल' अशी लाल ओळ येते. हे बदलायला हवं, आणि आपण मागत राहिलो तरच बदलेल.

आता मेल. आधी वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर फुकट मिळालेले मेलबॉक्स वापरायचो. त्यात दोन दुखणी होती. पहिलं, त्या सर्व्हरवर आमच्याबरोबर शेकडो अनोळखी वेबसाइटी, त्यातल्या कुणी स्पॅम पाठवला की आमचे मेलही समोरच्याच्या स्पॅममध्ये. दुसरं, भाऊजींच्या आउटलुकला 'पॉप' लावलेलं होतं, त्यामुळे मेल सर्व्हरवरून उतरून त्यांच्या एकट्याच्या कॉम्प्युटरवर साठायचे. नऊ वर्षांची ड्रॉइंगं आणि पीओ एका हार्ड डिस्कवर. ती डिस्क बसली असती तर? विचार करवत नाही.

गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि झोहो मेल, तिन्ही बघितले. पहिल्या दोन्हींमध्ये दर माणशी पैसे जास्त पडत होते आणि त्यांचे बाकीचे प्रोग्राम आम्हाला लागत नाहीत. झोहो चेन्नईची कंपनी, बिल जीएसटीसह, डेटा भारतात. त्यांच्या फुकटच्या प्लॅनमध्ये आयमॅप नव्हतं, म्हणजे आउटलुक जोडता येत नाही, म्हणून पैसे भरून घेतलं. मेलबॉक्स विकत घेताना माणसं मोजा, पत्ते मोजू नका. आम्हाला सात पत्ते हवे होते, पण बसणारी माणसं चार. सेल्स, अकाउंट्स आणि क्वालिटी हे तीन पत्ते मी उपनाव म्हणून (आहे त्याच बॉक्सला दुसरा पत्ता) जोडले, चारच बॉक्सचे पैसे भरले. फक्त भाऊजींना जास्त जागेचा प्लॅन, कारण त्यांची जुनी फाइलच बारा जीबीची निघाली.

बदल सुट्टीच्या आदल्या रात्री केला. दोन दिवस आधी डोमेनच्या नोंदींचा टीटीएल (जुनी नोंद इतरांकडे किती वेळ टिकते तो आकडा) ३०० सेकंदांवर आणून ठेवला होता, त्यामुळे एमएक्स (मेल कुठे पोचवायचा ते सांगणारी नोंद) बदलल्यावर अर्ध्या तासात नवीन ठिकाणी मेल पडायला लागले. जुना होस्ट मी महिनाभर चालू ठेवला. एखाद-दुसरा मेल तिथे अडकतोच.

खरी परीक्षा पुढच्या आठवड्यात झाली. मेल येत होते, पण आमची कोटेशनं एका गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जात होती. मी माझ्या स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवला, उजवीकडच्या तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' उघडलं. मेल खरंच आमच्याकडूनच गेलाय का, याच्या तपासण्या तिथे दिसतात. डीकेआयएमपुढे (मेलवरची डिजिटल सही) 'पास', एसपीएफपुढे (आमच्या नावानं मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरची यादी) मात्र चूक. दोन तास डोकं लावल्यावर दिसलं की डोमेनच्या नोंदींत एसपीएफच्या दोन ओळी आहेत. एक जुन्या होस्टची, एक नवीन झोहोची. मला वाटलेलं, दोन असल्या तर बरंच, दोन्हीकडून चालेल. तसं नसतं. एका नावाला एसपीएफची एकच ओळ लागते, दोन असल्या की दोन्ही बाद. जुनी काढली, वेबसाइटच्या चौकशी फॉर्मचा सर्व्हर त्याच एका ओळीत जोडला, पंधरा मिनिटांनी परत मेल पाठवला. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद), तिन्हींपुढे 'पास'. मी तो स्क्रीनशॉट ह्यांना दाखवला, ते व्हीएमसीवर होते, हात तेलाचे. "म्हणजे आता जातंय नव्हं?" एवढंच विचारलं. जातंय म्हटलं.

हे तिन्ही आता छंद राहिलेले नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं नियम कडक केले. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे आणि आमच्यासारख्या छोट्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी निदान एक लागतंच. मी म्हणेन तिन्ही लावा. डीमार्क आधी 'नन'वर ठेवा, म्हणजे काही अडत नाही, नुसते अहवाल येतात. त्या अहवालातून मला कळलं की आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर वेगळ्याच सर्व्हरवरून आमच्या नावानं इनव्हॉइस पाठवत होतं. ते झोहोच्या एसएमटीपीवर (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरवर) आणलं, तीन महिने वाट बघितली, मग 'क्वारंटाइन' केलं, म्हणजे नापास मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये.

पण डीमार्क सगळं अडवत नाही. जुलैमध्ये एका गिऱ्हाइकाच्या अकाउंटंट काकांचा फोन आला, "तुमचं बँक खातं बदललं का?" त्यांना आलेला मेल आमच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच डोमेनवरून होता. नावातल्या 'एम'च्या जागी इंग्रजी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी. स्क्रीनवर डोळ्यांना फरकच कळत नाही. ते डोमेन दुसऱ्याचं, त्यामुळे आमचा कुठलाच रेकॉर्ड तिथे चालत नाही. काकांनी फोन केला म्हणून पैसे वाचले. पैसे गेले असते तर १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, लगेच तक्रार करावी लागली असती. तेव्हापासून आमच्या प्रत्येक इनव्हॉइसच्या खाली ओळ असते: खाते बदलल्यास आम्ही फोन करून सांगू, मेलवर विश्वास ठेवू नये.

डोमेन एकीकडे आणि मेल दुसरीकडे ठेवण्याचा जाच एकच, दोन बिलं आणि दोन लॉगिन. तो मी आनंदानं सोसते. उद्या मेलचा दर वाढला तर चार नोंदी बदलून दुसरीकडे जाता येईल, नाव जागेवरच राहील. रजिस्ट्रारच्या खात्याला मात्र आमच्याच डोमेनचा मेल दिलेला नाही, तिथे वेगळा जीमेल आहे. डोमेन बंद पडलं तर त्याच डोमेनवरच्या मेलवर सूचना कशी येणार? टू-फॅक्टर माझ्या फोनवर आहे, रिकव्हरी कोडचा कागद तिजोरीत, इनव्हॉइसच्या फाइलीबरोबर.

सासऱ्यांची एक जाड डायरी आहे. कॉम्प्रेसरचा विमा, अग्निशामक नळकांड्यांचं रिफिल, पोल्युशन बोर्डाची संमती, सगळ्यांच्या मुदती आण्णा त्यात निळ्या शाईनं लिहितात आणि महिनाभर आधी हाक मारतात. परवा त्यांनी स्वतःहून विचारलं, "त्या तुझ्या नावाची तारीख काय गं?" मी सांगितली. त्यांनी कॉम्प्रेसरच्या विम्याखाली लिहून घेतली आणि पुढे कंसात माझं नाव.