शंभर ग्रॅम मीलवर्म आणि चाळणीचा हिशेब

पार्सलवरची यादी साधी होती: मीलवर्म १०० ग्रॅम, सुपरवर्म ५०, डुबिया झुरळं २५ आणि 'कॅल्शियम विथ डी३'चं एक पाकीट. घरात पाळलेल्या दोन लेपर्ड गेकोंचा, म्हणजे किडे खाणाऱ्या पालीसारख्या सरड्यांचा, महिन्याचा शिधा: दोन तऱ्हेच्या जिवंत अळ्या, जिवंत झुरळं आणि त्यांना लावायची कॅल्शियम व डी३ जीवनसत्त्वाची पावडर. पैसे आगाऊ घेतलेले, दुकान म्हणजे एक व्हॉट्सॲप नंबर. चारही वस्तूंत खोट निघाली, प्रत्येकीत वेगळ्या तऱ्हेची. ती पकडायला लागलं ते सगळं घरातलंच: काटा, चाळण, सूप, काचेची बरणी, व्हिनेगर. पार्सल हातात पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच हे करून घ्यावं, कारण 'जिवंत पोचण्याची गॅरंटी' अनेकदा दोन-चार तासांचीच असते. व्हिडिओ एकच घ्यायचा, सील अखंड दिसतंय तिथपासून काट्यावरच्या आकड्यापर्यंत. मध्ये थांबवलात की विक्रेता म्हणणार, तेवढ्यात अळ्या काढून ठेवल्या.

आधी वजन. डबा काट्यावर ठेवला तर शंभर भरतो आणि माणूस तिथेच समाधान मानतो. मीलवर्म गव्हाच्या कोंड्यात येतात, यायलाच हव्यात, पण कोंडा वजनात धरायचा नसतो. डबा रव्याच्या चाळणीत ओतून हलवला की खाली बारीक वाळूसारखं पडतं ती अळ्यांची विष्ठा. चिमूटभर असेल तर ठीक, वाटीभर असेल तर माल जुना आहे आणि त्यातला कोंडा अळ्यांनी केव्हाच संपवलाय. वर राहिलेलं सुपात घेऊन हलकं पाखडायचं. कोंडा आणि कात उडून जाते, अळ्या राहतात. या डब्याचा हिशेब असा लागला: जिवंत अळ्या ५८ ग्रॅम, काळ्या पडलेल्या मेलेल्या ७, कोष ९, गाजराची चकती १२, बाकी १४ ग्रॅम कोंडा, कात आणि घाण. पूर्ण वाढलेली मीलवर्म साधारण ०.१ ग्रॅमची असते, म्हणजे शंभर ग्रॅमला हजाराच्या आसपास यायला हव्यात. मिळाल्या सहाशेपेक्षा कमी.

गाजराच्या चकतीवर जरा थांबायला हवं. विक्रेता सांगतो, प्रवासात पाणी म्हणून टाकलंय. पण बंद डब्यात तिला घाम सुटतो, कोंडा ओलावतो, अमोनियाचा वास येतो आणि माइट म्हणजे धुळीएवढे बारीक किडे होतात. झाकणाच्या कडेला हलणारी धूळ दिसली तर ते तेच. मीलवर्म दोन-तीन दिवस कोरड्या कोंड्यात मजेत राहतात. चकतीने फायदा होतो तो वजनाचा.

मेलेल्या मोजताना गफलत नको. थंडीने आखडलेली अळी अर्ध्या तासात हलायला लागते, पांढरी मऊ अळी नुकतीच कात टाकलेली असते आणि गेकोला तीच जास्त पचते. काळी, लिबलिबीत आणि वास मारणारी तेवढी मेलेली.

सुपरवर्मच्या डब्यात सुपरवर्म नव्हत्याच. त्या निघाल्या जायंट मीलवर्म. साध्या मीलवर्मला संप्रेरकासारखं रसायन देऊन कोषात जाण्यापासून रोखतात, मग ती अळी म्हणूनच वाढत राहते. सुपरवर्म नगावर विकतात आणि मीलवर्म वजनावर, त्यामुळे हा बदल विक्रेत्याला चांगलाच परवडतो. खऱ्या सुपरवर्मचं डोकं आणि शेपटाकडची शेवटची वळी गडद, जवळजवळ काळी असतात. मीलवर्म अंगभर एकसारखी सोनेरी. चिमटीत धरली तर सुपरवर्म जोरात उसळते, चावायलाही बघते. खात्रीच करायची तर पाच अळ्या औषधाच्या रिकाम्या डब्यांत एकेकट्या ठेवा. सुपरवर्म घोळक्यात असेपर्यंत कोषात जात नाही, एकटी पडली की आठ-दहा दिवसांत वाकडी होऊन पडते आणि मग कोष होतो. रसायन दिलेल्या मीलवर्मचा कोष झालाच तर बऱ्याचदा अर्धवट, निम्मी अळी निम्मा कोष असा.

उलटी फसवणूकही चालते. लहान सुपरवर्म 'मोठी मीलवर्म' म्हणून खपवतात. घेणारा ती मीलवर्मसारखी फ्रिजमध्ये ठेवतो आणि ती मरते, कारण सुपरवर्मला फ्रिजची थंडी सोसत नाही. वर ऐकून घ्यायचं, 'तुम्ही नीट ठेवल्या नाहीत.'

डुबियाची पिशवी कधीही ओट्यावर उघडू नका. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या बादलीत उघडा, मग एकेक झुरळ धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत सोडा. डुबिया गुळगुळीत काचेवर चढू शकत नाही, पाय घसरत राहतात. आपल्या मोरीतलं झुरळ सरळ वर येतं. इथे पंचवीसपैकी सात वर आली. आकारानेही कळतं: डुबियाची पिल्लं चपटी, रुंद, ठिपक्यांची आणि संथ, घरातल्या झुरळाची लांबट, लालसर आणि चपळ. घरातलं झुरळ कुठल्या स्वयंपाकघरातलं झुरळं मारायचं जेल खाऊन आलंय ते कोण सांगणार? ते विष गेकोच्या पोटात जातं. शंका असलेली झुरळं दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मगच कचऱ्यात टाका, जिवंत सोडू नका.

उरलेली अठरा अस्सल होती, पण 'ब्रीडिंग ग्रुप' म्हणून विकलेली आणि मोठी झालेली सगळी नर. पूर्ण पंख असलेला तो नर, मादीला पंखांचे नुसते खुंट. एका नरामागे तीन ते पाच माद्या नसतील तर वसाहत वाढणार नाही आणि तुम्ही दर महिन्याला त्याच नंबरवर ऑर्डर देत राहणार.

पावसाळ्यात आणखी एक माल फिरतो, 'नॅचरल' नाकतोडे. पाळलेल्या किड्यांच्या डब्यात एकच जात आणि साधारण एकच माप असतं. चार जाती, सहा मापं आणि तुटके पाय दिसले तर ते शेतातून जाळीने धरलेले आहेत, आणि त्या सुमारास सोयाबीन-कपाशीवर फवारणी चालू असते. त्यात चुकून काजवा आला तर आणखी वाईट. काही जातींचे काजवे सरड्यांना जिवावर बेततात, म्हणून कुठलाच काजवा द्यायचा नाही.

सगळ्यात महाग पडते ती पावडर, किंमत सगळ्यात कमी असूनही. मीलवर्ममध्ये फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापटीहून जास्त असतो. गेकोला हवं नेमकं उलट, कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोनपट. ही तूट पावडरनेच भरून काढायची असते. ती खोटी असेल तर गेको खातो, अंगाने भरतो, आणि हाडं आतून मऊ होत जातात. आधी बोटं थरथरतात, मग पोट जमिनीला घासायला लागतं, जबडा रबरासारखा दबतो. वाढत्या पिल्लात हे काही आठवड्यांत होतं आणि वाकलेलं हाड परत सरळ होत नाही. तोवर पाकीट रिकामं झालेलं असतं आणि अळ्यांची तक्रार करणाऱ्यालाही पावडर आठवत नाही.

अर्धा चमचा पावडरीवर पांढरं व्हिनेगर घाला. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर फसफसून वर येतं. या पाकिटातली जेमतेम चार बुडबुडे देऊन खाली बसली. दुसऱ्या चिमटीवर बीटाडीनचा थेंब टाकला तर काळानिळा डाग पडला, म्हणजे मैदा किंवा स्टार्च. नुसतं जिप्सम असेल तर ना फेस, ना डाग. फळ्यावरचे बरेच खडू जिप्समचेच असतात, त्यामुळे 'खडू कुटून घाला' हा सल्लाही बाद. खायचा चुना तर मुळीच नको, तोंड आणि पोट भाजतं. पावडरीत चुना असल्याची शंका आली तर ओल्या हळदीत कालवून बघा, कुंकवासारखी भडक लाल होते. काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस मात्र खरा, तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. वस्त्रगाळ करून वापरता येतो, पण त्यात डी३ नसतं.

डी३ घरी तपासता येत नाही. म्हणून सुट्या झिप पाकिटातलं डी३ घ्यायचंच नाही. डबी कंपनीच्या सीलची हवी, तीवर बॅच नंबर, मुदत आणि डी३ किती आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक) ते छापलेलं हवं. कमी पडलं तर कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि जास्त झालं तर विषबाधा होते.

पैशांचं. 'मेलेल्या तेवढ्या परत पाठवू, कुरियर तुमचं' ही अट ऑर्डरआधी वाचा, कारण कुरियरचा खर्च अळ्यांहून जास्त येतो. एप्रिल-मेमध्ये ऑर्डर सोमवारी पाठवायला सांगा, रविवारी गोदामात तापलेला डबा उघडून उपयोग नसतो. तक्रार केल्यावर 'रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असं उत्तर आलं, तर तो पुढचा डाव आहे. यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही. तसे पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा. माल खोटा निघाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि सोबत तो अखंड व्हिडिओ.

राहिल्या ५८ ग्रॅम अळ्या. जुना डबा ओल्या कोंड्यासकट टाकून द्या. नवा कोंडा दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून, खोलीच्या तापमानाला आणून, दुसऱ्या डब्यात दोन बोटं जाडीचा थर द्या आणि त्यात अळ्या सोडा. झाकणाला भोकं पाडा आणि डबा फ्रिजच्या दाराच्या कप्प्यात ठेवा, तिथे थंडी कमी असते. आठवड्यातून एकदा दिवसभर बाहेर काढून गाजराचा तुकडा द्या आणि संध्याकाळी काढून घ्या. गेकोला द्यायच्या अळ्या एक-दोन दिवस आधी वेगळ्या करून त्यांना लेअर मॅश, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांचं खाद्य, खाऊ घाला, आणि देताना कॅल्शियममध्ये घोळवा. गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जाड अळी देऊ नका.