वांडा लँडोव्स्का यांचे ‘गोल्डबर्ग’: १९३३ चे ध्वनिमुद्रण

हार्पसिकॉर्ड हे पियानोच्या आधीचे, पट्ट्या दाबून वाजवायचे तंतुवाद्य जवळजवळ संग्रहालयापुरते उरले होते, त्या काळात वॉर्सा येथे १८७९ मध्ये जन्मलेल्या वांडा लँडोव्स्का यांनी जुन्या संगीताचा अभ्यास करून, १९०९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहून आणि पुढे पॅरिसजवळ स्वतःची संगीतशाळा काढून त्याला पुन्हा मैफलीत आणले. जर्मन संगीतकार बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चे (एकाच मूळ रचनेच्या बदलत्या रूपांच्या मालिकेचे) त्यांनी १९३३ मध्ये पॅरिसला केलेले ध्वनिमुद्रण सीडीवर उपलब्ध झाले आहे.

जुन्या तबकड्यांची खरखर आरंभीच्या आरियात, म्हणजे मूळ रचनेत, जाणवते, पण लवकरच तिचा विसर पडतो. या वाद्यात तारा छेडल्या जात असल्यामुळे बोटांच्या दाबाने आवाज फारसा लहानमोठा होत नाही. म्हणून लँडोव्स्का स्वरांमधल्या सूक्ष्म विरामांतून आणि लयीच्या किंचित ओढीतून भाव उभा करतात, आणि २५ व्या, शोकाकुल व्हेरिएशनमध्ये हे कौशल्य मला सर्वाधिक भिडले. त्यांचे प्लेएल कंपनीचे भक्कम वाद्य बाखकालीन वाद्यांपेक्षा फार जड वाजते, हा आक्षेप रास्तच आहे. तरीही १९४० मध्ये नाझी आक्रमणामुळे त्यांना पॅरिसजवळचे घर सोडावे लागले आणि त्यांची वाद्ये व ग्रंथसंग्रह लुटला गेला, हे ठाऊक असताना ही सीडी मला अमोल वाटते.