‘रोपं तयार करा, आम्ही परत घेतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

40,350 रुपये गेले. त्यातले 15,000 आमच्या स्वयंसहाय्य गटाच्या बचतीतले होते. गटातल्या बायकांसमोर तो हिशेब मांडताना माझी जी अवस्था झाली, ती दुसऱ्या कुणाची होऊ नये म्हणून हे लिहितेय.

साचा जुनाच. इमू, कोरफड, अळंबी, सगळ्यात हेच झालं: किट विकत घ्या, माल तयार करा, आम्ही परत घेतो. आमच्याकडे आले ते मिरचीची रोपं घेऊन. पावसात बाहेर ट्रे ठेवले तर रोपं कुजतात, म्हणून घरातच दिव्याखाली वाढवायची आणि गणेश चवथीनंतर लागवड सुरू झाली की कंपनी 7 रुपयांना एक रोप उचलणार. बी हरमल मिरचीचं, जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली जात. पेडण्याच्या त्या मिरचीचं नाव ऐकल्यावर गोव्यात कोण नाही म्हणेल? मी अडाणी नाही. गटाचे बँक व्यवहार मीच बघते, कुळागरातली, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागेतली, रोपं लहानपणापासून हाताळलीत. माणूस घरी आला, शिक्का मारलेला करार दिला, ‘ताई, ताई’ करत चहा पिऊन गेला.

चार दिवे, प्रत्येकी 6,950, म्हणजे 27,800. 98 कप्प्यांचे ट्रे, कोकोपीट आणि बी 4,500. नोंदणी 2,500. एकूण 34,800.

करारातली अट नीट वाचा, कारण तुमच्याकडेही हीच येईल: तिसाव्या दिवशी रोप 12 सेंटिमीटरच्या आत, खोड ताठ, कललेलं रोप बाद. वाचताना रास्त वाटते, चांगली रोपवाटिका असंच रोप देते. लबाडी अशी की त्यांच्या दिव्याखाली तसं रोप होऊच शकत नाही. उजेड कमी पडला की रोप सगळी ताकद खोड लांबवण्यात घालतं, उजेड शोधत वर जातं. त्यात आपली बंद, दमट खोली. उगवायला ऊब लागते, पण उगवल्यावर मंद उजेड आणि ऊब एकत्र आली की खोड दोऱ्यासारखं होतं. आमचा पहिला ट्रे आठवड्याभरात लांबला आणि मग आडवा पडला.

दोष कुणाचा? आमचा! ‘ताई, तुम्ही पाणी जास्त घालता.’ मग उंची रोखणारं औषध, 1,450 ची बाटली, अशा तीन, 4,350. मग ‘पुनर्तपासणी फी’ 1,200. रोप एकही उचललं नाही.

आता जे मला रात्री झोपू देत नाही ते सांगते. दिव्यांच्या खोक्यावर 600 वॅट छापलेलं होतं. एका संध्याकाळी नेहमीसारखी वीज गेली, इन्व्हर्टर सुरू झाला आणि चारही दिवे पेटलेलेच राहिले. वर दोन पंखे. आमचा इन्व्हर्टर 850 व्हीएचा, इस्त्री लावली तरी ओरडतो. 600 चे चार म्हणजे 2,400 वॅट, तो क्षणात बंद पडायला हवा होता. मी मात्र यजमानांना म्हटलं, बघा, दिवे किती कमी वीज खातात! वीज खात्याचं बिल आलं तेव्हाही तेच. रोज 16 तास 2,400 वॅट म्हणजे दिवसाला 38 युनिट, महिन्याला हजाराच्या वर. बिलात जेमतेम 45 युनिटं वाढली होती आणि मी खूश झाले. शेवटी ओळखीच्या वायरमनने मीटर लावला: एक दिवा 22 वॅट. पण घरची बाई बिल कमी आलं म्हणून तक्रार करते का? आणि त्या जांभळ्या उजेडात पानं काळपट दिसतात, फिकी पडलेली कळतच नाहीत. ट्रे अधूनमधून उन्हात नेऊन बघा.

तक्रारीचं काय झालं ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, हा व्यवहारातला वाद, ग्राहक न्यायालयात जा. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच यूपीआयने पाठवले. कृषी कार्यालयात म्हणाले, आमची योजना नाही, बियाण्याचं लेबल आणा. अहो, पाकिटावर लॉट नंबर नाही, उगवणीची टक्केवारी नाही, तपासणीची तारीख नाही, हीच तर माझी तक्रार! लेबल नसलेलं बी राजरोस विकलं जातं आणि लेबल माझ्याकडे मागता? ग्राहक तक्रारीचं विचारलं तर एक बाबू म्हणाला, रोपं विकायला घेतलेला माल, तुम्ही ग्राहकच नाही. हे खोटं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. हे मला स्वतः शोधावं लागलं. पगार त्यांना कशाचा मिळतो? प्रत्येक टेबलावर मलाच विचारलं, ‘तुम्ही आधी चौकशी का नाही केली?’ त्या माणसाला एक फोनसुद्धा कुणी केला नाही.

तुमचे पैसे आत्ताच गेले असतील तर कुणाच्या टेबलापुढे ताटकळू नका, आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. ग्राहक तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. चॅट पुसू नका.

आणि रोपं घरात करायचीच असतील तर साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब आणा, रोपांच्या शेंड्यापासून वीतभराच्या आत टांगा आणि रोपं वाढतील तशा वर घ्या. पहिला कोंब दिसला त्याच दिवशी उजेड द्या, दोन दिवस थांबलात तर ताणलेलं खोड परत आखूड होत नाही. 14 ते 16 तास पुरे, रात्री अंधार हवा. एका कप्प्यात एकच रोप. पंखा मंद फिरवा किंवा रोज शेंड्यांवरून हलका हात फिरवा, खोड जाड होतं. खताची घाई नको. टोमॅटोचं लांबलेलं रोप खोल लावलं तर खोडाला मुळं फुटतात, मिरचीला तो भरवसा धरू नका. खरं म्हणजे वर पारदर्शक प्लास्टिक घातलेली उघडी पडवी असेल तर ढगाळ दिवशीही तिथे खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो, फुकट.

तो माणूस आता डिचोली, सत्तरीकडे गटांच्या बैठका घेतोय असं कानावर आलंय. तुमच्याकडे आला तर पैसे काढण्याआधी त्याचा दिवा तुमच्या वायरमनसमोर मीटरला लावायला सांगा.