पग निवडावा तो कानांनी

पगचे परीक्षण करताना त्याच्या स्वभावाला आणि त्याच्या शरीराला वेगवेगळे गुण द्यावे लागतात, कारण दोहोंची सरासरी काढली तर ती प्रत्यक्षातल्या कोणत्याच पगला लागू पडत नाही. स्वभावात त्याच्या तोडीची लहान कुत्री फार थोडी आहेत. शरीराच्या बाबतीत मात्र एक पग मजेत हुंदडत असतो आणि त्याच्याच वयाचा, त्याच्याइतकाच देखणा दुसरा पग जिन्याच्या चार पायऱ्या चढून आला की उभ्या उभ्या धापा टाकू लागतो. हा फरक छायाचित्रात दिसत नाही. तो ऐकू येतो. म्हणून या परीक्षणाचा बराचसा भाग त्याच्या श्वासाविषयी आहे.

आधी चांगल्या बाजूचे सांगतो. पग हे माणसाच्या सहवासासाठीच पोसले गेलेले कुत्रे आहे. शिकार, राखण किंवा गुरे वळणे अशी कोणतीही कामगिरी त्याच्यावर सोपवण्यात आली नाही, आणि घरात वावरताना ते पदोपदी जाणवते. तुम्ही ज्या खोलीत जाल त्या खोलीत तो येतो, बसलात की पायाला अंग टेकून बसतो आणि तुम्ही उठलात की तक्रार न करता पुन्हा उठतो. त्याचे भुंकणे माफक असते, अनोळखी माणसाचे तो उत्साहाने स्वागत करतो (त्यामुळे राखणदार म्हणून त्याचा उपयोग शून्य) आणि मुलांच्या दांडगाईला सहसा कंटाळत नाही. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ४,३०८ पग आणि इतर जातींच्या २१,८३५ कुत्र्यांच्या वैद्यकीय नोंदींची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा पगमध्ये आक्रमकतेच्या नोंदी इतरांपेक्षा कमी आढळल्या. सोबतीला सतत कोणीतरी हवे असणे ही या गुणाची दुसरी बाजू आहे. दिवसाचे आठ-दहा तास घर रिकामे राहत असेल, तर हा कुत्रा तिथे सुखी राहणार नाही, मग बाकी सोयी कितीही असोत.

मात्र त्याच अभ्यासात पगच्या शरीराविषयी जे आढळले ते गंभीर होते. श्वासमार्गातील अडथळ्याच्या विकाराची शक्यता पगमध्ये इतर कुत्र्यांच्या तुलनेत सुमारे ५४ पट आणि डोळ्याच्या पारदर्शक पटलावर व्रण होण्याची शक्यता सुमारे १३ पट होती. आरोग्याच्या दृष्टीने पगला आता सर्वसामान्य कुत्रा मानता येणार नाही, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. ही जात मुळातच अशी होती असे मात्र नाही. चीनमधल्या राजदरबारात पोसली गेलेली ही कुत्री सोळाव्या शतकात डच व्यापाऱ्यांबरोबर युरोपात आली, आणि तिथल्या जुन्या चित्रांत त्यांचे रूप पाहायला मिळते. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याने १७४५ मध्ये स्वतःच्या चित्रासोबत आपला पग रंगवला आहे. त्या कुत्र्याला नाकाचा ठसठशीत उंचवटा आहे आणि आजच्या पगइतका त्याचा चेहरा दबलेला नाही. पुढच्या काळात, विशेषतः प्रदर्शनांच्या आणि हौसेच्या मागणीमुळे, चेहरा सपाट होत गेला. आज ज्या रूपाला आपण ‘अस्सल पग’ म्हणतो ते बऱ्याच अंशी माणसाच्या निवडीचे फळ आहे.

चेहरा आखूड झाला तरी आतले मऊ भाग त्या प्रमाणात लहान झाले नाहीत, इथे सगळी मेख आहे. जुन्या वाड्यातले सगळे सामान दोन खोल्यांत कोंबावे तशी त्याच्या डोक्याच्या आत गर्दी होते. नाकपुड्या चिंचोळ्या राहतात, नाकातल्या हवा गाळणाऱ्या आणि थंड करणाऱ्या नाजूक पडद्यांच्या गुंडाळ्या वाटेत येतात, मऊ टाळू लांब आणि जाड असल्याने घशाच्या तोंडाशी लोंबतो. हवेची वाट किंचित अरुंद झाली तरी श्वासाला लागणारा जोर कितीतरी पटींनी वाढतो. हा जोर रोजच्या रोज, वर्षानुवर्षे लावावा लागला की स्वरयंत्राजवळचे मऊ भाग आत ओढले जातात, सुजतात, आणि वाट आणखी अरुंद होते. म्हणजे आखूड नाकाचा त्रास एकाच पातळीवर थांबून राहतो असे नाही. दुर्लक्ष झाले तर तो वाढत जातो.

या जातीविषयीच्या एका समजुतीचा मला मनापासून राग येतो. ‘पगच तो, घोरणारच’ असे म्हणून जो आवाज हसण्यावारी नेला जातो, तो जागेपणीही येत असेल तर श्वास अडत असल्याची खूण असतो. बसल्या बसल्या डुलक्या घेणारा किंवा हनुवटी खेळण्यावर टेकवून झोपणारा पग लोकांना गोंडस वाटतो, पण अनेकदा तो मान वर ठेवून श्वासाची वाट मोकळी राखण्याचा प्रयत्न करत असतो. झोपेत दचकून उठणे, खाताना वारंवार ठसका लागणे, खाल्लेले न पचता तसेच तोंडावाटे बाहेर येणे यांचाही संबंध श्वासाशी असू शकतो. अधूनमधून नाकाने हवा आत खेचत फुरफुरण्याचा झटका मात्र वेगळा. तो थोड्या वेळात आपोआप थांबतो, आणि फार वेळा होत नसेल तर त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

तेव्हा निवडताना काय करावे? पिल्लू पाहायला गेल्यावर आधी त्याचे आईवडील पाहावेत, आणि निदान आई तरी समोर पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. ती शांत बसलेली असताना खोलीत तिचा श्वास ऐकू येता कामा नये. मग ती थोडा वेळ चालू-पळू द्यावी आणि पुन्हा कान द्यावा. पळून आल्यावर धाप लागणे साहजिक आहे, परंतु घशातून घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल आणि तो लवकर शमत नसेल, तर तिच्या पिल्लांचा मोह तिथेच आवरावा. नाकपुड्या उघड्या, गोलाकार असाव्यात. नुसती उभी चीर असेल तर ते पिल्लू नाकारावे. समोरून पाहताना बुबुळाभोवती पांढरा भाग दिसत असेल तर डोळे गरजेपेक्षा जास्त बाहेर आलेले आहेत. चेहऱ्याला थोडे तरी नाक, अंगाला थोडी तरी मान आणि नाकावरची घडी उथळ, असा पग प्रदर्शनात मागे पडेल कदाचित, पण घरात तोच हवा. पुष्कळ लोक नेमका याच्या उलट, जास्तीत जास्त चपटा चेहरा मागतात, आणि मागणी तशी असेपर्यंत पैदासही तशीच होत राहणार.

ऐकण्याच्या या कामाला आता शास्त्रीय जोडही मिळाली आहे. केंब्रिज विद्यापीठ आणि कुत्र्यांच्या जातींची नोंदणी ठेवणारी ब्रिटनमधील संस्था द केनेल क्लब यांनी २०१९ मध्ये श्वासाच्या श्रेणीची एक पद्धत सुरू केली. तिच्यात पशुवैद्य कुत्र्याचा श्वास स्टेथोस्कोपने आधी ऐकतात, त्याला तीन मिनिटे दुडक्या चालीने चालवतात, पुन्हा ऐकतात आणि शून्य ते तीन अशी श्रेणी देतात. शून्य म्हणजे त्रास नाही, तीन म्हणजे तीव्र विकार. तिसऱ्या श्रेणीच्या कुत्र्यापासून पिल्ले घेऊ नयेत असा सल्ला दिला जातो. नेदरलँड्समध्ये तर त्याच वर्षापासून, ज्यांच्या थोबाडाची लांबी कवटीच्या लांबीच्या एक-तृतीयांशाहूनही कमी आहे अशा कुत्र्यांची पैदास रोखण्याचे निकष लागू झाले. अशी अधिकृत चाचणी जिथे उपलब्ध नसेल तिथेही, पळवण्याआधी आणि पळवल्यानंतर श्वास ऐकून घ्यावा, एवढी विनंती कोणत्याही पशुवैद्याला करता येते. ब्रीडर जर असे काही ऐकू देण्यास तयार नसेल, किंवा आईवडील ‘सध्या इथे नाहीत’ असे सांगत असेल, तर मला वाटते तेवढे उत्तर पुरेसे आहे.

घरी आणल्यावर सर्वांत जास्त काळजी उष्णतेची घ्यावी लागते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो नाकातल्या आणि तोंडातल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनावर शरीर थंड ठेवतो. पगच्या बाबतीत तीच यंत्रणा तोकडी आहे. धापा टाकून तो जितका गारवा मिळवतो, त्यातला बराचसा धापा टाकण्याच्या श्रमातच खर्च होतो. दमट हवेत तर बाष्पीभवनच मंदावते, त्यामुळे ऊन नसले तरी धोका टळत नाही. फिरणे पहाटे किंवा रात्री, तेही त्याच्या चालीने. बंद गाडीत त्याला क्षणभरही एकटे ठेवू नये. जीभ निळसर पडणे, लाळ घट्ट होणे, पाय लटपटणे अशी चिन्हे दिसली तर त्याला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच पशुवैद्याकडे निघावे. अनेक विमान कंपन्या आखूड नाकाच्या जाती सामानकक्षातून नेत नाहीत, त्यामागेही हेच कारण आहे. गळ्यातला पट्टा ओळखपत्रापुरता ठेवून दोरी छातीच्या हार्नेसला बांधावी, म्हणजे आधीच अरुंद असलेल्या वाटेवर आणखी दाब येत नाही.

दुसरी काळजी वजनाची. निरोगी पग साधारण सहा ते आठ किलोंचा असतो, आणि भूक मात्र त्याहून पुष्कळ मोठी. त्याच्यासारखा अभिनय करणारा खादाड दुसरा नसेल: आत्ताच जेवला आहे हे ठाऊक असूनही त्याच्याकडे पाहून आपल्यालाच अपराधी वाटू लागते. परंतु मानेभोवती आणि घशाभोवती साचणारी चरबी श्वासाची वाट आणखी आवळते, त्यामुळे एखाद्या किलोचा फरकही त्याच्यासाठी किरकोळ नसतो. जेवण वजन करून द्यावे, शिकवताना दिलेला खाऊ त्यातूनच वजा करावा आणि अधूनमधून बोटांनी बरगड्या चाचपाव्यात. फारसे न दाबता त्या हाताला लागल्या पाहिजेत, वरून पाहताना कंबर दिसली पाहिजे. घरात आजीआजोबा असतील तर हा नियम त्यांना पटवणे हे कुत्र्याला पटवण्यापेक्षा कठीण जाते, असा अनुभव आहे.

डोळ्यांच्या बाबतीत दिरंगाई चालत नाही. डोळे उथळ खोबणीत बसलेले आणि पुढे नाकाचा आडोसा नाही, त्यामुळे झुडूप, मांजराचा पंजा किंवा चेहऱ्याच्या घडीवरचे केस एवढेही व्रण व्हायला पुरेसे असतात. एक डोळा बारीक करून ठेवला, पाणी वाहू लागले किंवा पृष्ठभाग धुरकट दिसला, तर ‘उद्या बघू’ म्हणू नये. त्याच दिवशी दाखवावे. नाकावरची घडी रोज ओल्या मऊ कापडाने पुसून पूर्ण कोरडी करावी, कारण ओल राहिली की तिथे जंतुसंसर्ग होतो आणि वास येतो. दातही आखूड जबड्यात दाटीने उगवतात, म्हणून लहानपणापासून घासण्याची सवय लावावी. केसांविषयी फक्त एवढेच सांगतो की ते आखूड आहेत म्हणून कमी गळतील, ही आशा सोडून द्यावी.

चांगली निवड करूनही श्वासाचा त्रास निघालाच, तर नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळूचा जादा भाग काढण्याची शस्त्रक्रिया उपलब्ध आहे, आणि घशातले दुय्यम बदल वाढण्याआधी केली तर तिचा उपयोग अधिक होतो. भूल देताना आणि विशेषतः भूल उतरताना या कुत्र्यांना जास्त धोका असतो. म्हणून नसबंदीसारख्या साध्या कामासाठीही आखूड नाकाच्या कुत्र्यांचा सराव असलेला आणि शुद्धीवर येईपर्यंत माणूस शेजारी बसवणारा दवाखाना निवडावा. त्यासाठी लागणारा खर्च आणि वेळ कुत्रा आणण्याआधीच हिशेबात धरलेला बरा.

फ्रेंच बुलडॉग, पेकिनीज, शिह त्झू यांचा विचार करणाऱ्यांनाही वरचे बरेचसे लागू आहे. पेकिनीज आणि शिह त्झूच्या बाबतीत लांब केसांचे रोजचे काम त्यात वाढते. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलचे नाक तुलनेने बरे असते, पण त्या जातीत हृदयाच्या झडपेचा आनुवंशिक विकार फार आढळतो, त्यामुळे तिथे श्वासाऐवजी हृदय ऐकावे लागते. ज्यांना डोंगर चढायला, सायकलमागे धावायला जोडीदार हवा आहे, त्यांनी लांब नाकाचेच कुत्रे पाहावे.

पगच हवा असेल तर माझी शिफारस पिल्लापेक्षा वर्ष-दीड वर्ष वय पूर्ण झालेल्या कुत्र्याची आहे. दोन महिन्यांच्या पिल्लात घरघर नसली तरी पुढे ती होणार नाही असे कोणी सांगू शकत नाही. विकाराची लक्षणे बहुधा वाढीच्या वयात उघड होतात, आणि श्रेणीची चाचणीही वर्षाच्या आत करत नाहीत. मोठ्या पगचा श्वास, वजन, डोळे, चाल हे सारे पाहून-ऐकून घेता येते. शिवाय खर्च आणि आजारपण न झेपल्याने सोडून दिलेले पग निवारा केंद्रांत मिळतात, त्यांची पूर्वीची कागदपत्रे मागता येतात, आणि नव्या घरात हा कुत्रा इतक्या सहजपणे रुळतो की लहानपणापासून वाढवला नाही याची खंत फार काळ टिकत नाही. भेटायला जाल तेव्हा त्याला थोडे चालवून आणा, शेजारी बसा आणि काही वेळ कोणाशी बोलू नका.