वसईचा बाटली मसाला आणि तो विकणाऱ्या मावशी

वसईत एक ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबई-वसईकडचे मूळचे ख्रिस्ती) कुटुंब घरच्या पडवीतच बाटली मसाला विकतं, बोर्ड वगैरे काही नाही, उन्हाळ्यात मिरच्या भाजायला काढल्या की नाक्यावरच शिंका सुरू होतात, तोच पत्ता समजा. काश्मिरी मिरची, धणे, तीळ, खसखस, दगडफूल, शिवाय गहू आणि चणेसुद्धा, सगळं वेगवेगळं भाजून कुटतात आणि गडद रंगाच्या बाटलीत ठासून भरतात म्हणजे उजेड लागत नाही नि वास टिकतो. चिकनला एक चमचा पुरतो, खरंच.

पण मला सांगायचंय ते मावशींबद्दल. मी मागच्या वर्षीची उरलेली बाटली मागितली तर मावशींनी झाकण उघडून माझ्या नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "बघ बाळा, वास उतरलाय, याचे पूर्ण पैसे नाही घेणार." गिऱ्हाईक तयार असताना असं कोण करतं?

बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलंय ना की आपण ख्रिस्ताचा सुगंध आहोत (२ करिंथ २:१५), ते मला तिथे उभं राहून पटलं. मावशी कोणाला वचनं ऐकवत नाहीत, पण माझ्या ऑफिसातले सगळे, ज्यांनी कधी चर्चची पायरी चढली नाही तेसुद्धा, "त्या खऱ्या बोलणाऱ्या मावशींकडचाच आण" असं सांगतात.

रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा (उपासना) असते म्हणून बंद. पार्किंग नाही, रिक्षाने जा, आणि पावसाळ्याआधी बाटली सांगून ठेवा, नंतर मिळत नाही.