हिवाळ्यातलं लॉन: टायमर की ओलाव्याचा सेन्सर?

थंड देशांत स्प्रिंकलरचे पाइप हिवाळ्याआधी कॉम्प्रेसरने रिकामे करतात, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. ग्वाल्हेरला कडाक्याची थंडी पडते, पण जमिनीखालचे पाइप गोठत नाहीत. इथे खरी काळजी जास्त पाण्याची. थंडीत हरळीची वाढ मंदावते, ती पिवळी पडते. तिला उन्हाळ्याइतकं पाणी लागतच नाही.

टायमर स्वस्त, बसवायला सोपा. पाळीची मिनिटं निम्म्याहून कमी करा आणि पहाटेऐवजी ऊन आल्यावरची वेळ लावा. पण आठ-आठ दिवस धुकं असलं तरी तो ठरल्या वेळी पाणी सोडतोच. गेल्या जानेवारीत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या अंगणात आईची चप्पल चिखलात रुतली. खाली वाकून पाहिलं तर गवताच्या बुडाशी पांढरी बुरशी.

सेन्सर मुळांजवळ, तीन-चार इंच खोल पुरायचा. माती ओली असली की तो व्हॉल्व्ह उघडूच देत नाही. महाग आहे खरा, आणि भोवतीची माती नीट दाबली नाही तर पोकळीतल्या हवेमुळे ओली जमीनही त्याला कोरडी वाटते. तरी धुक्याच्या गावात मी सेन्सरच घ्यायला सांगेन. अंगण लहान असेल आणि रोज कुणी मातीत बोट घालून बघणार असेल, तर मात्र टायमर पुरे.